खळ्यावरची हार पेपरात न्हाई

अन् आमचं खळं कुठं गेलं? तुमाला सांगते, तीन येळा वाचून घेतला मी तो पेपर नागनाथ मास्तरकडून, तीन येळा! थायलंडची कंचना, ती बॅडमिंटनवाली, तिनं म्हणं खेळ सोडला, अन् पेपरवाल्यानं तिची जल्मापासूनची कुंडली छापली, कुठं जिंकली, कुठं हारली, कोणत्या साली गुडघ्यानं दगा दिला, कोणत्या साली गुडघा सुधारला... लंडन हाय, जपान हाय, मलेशिया हाय, अन् परभणी जिल्हा? सुपाएवढा पेपर, त्यात आमच्या खळ्याला बोटभर जागा न्हाई व्हय? मला वाचता येत न्हाई, कबूल, शाळेचं तोंड मी बाहेरूनच बघितलं, पर जे छापलं न्हाई ते मला बराबर ऐकू येतं!

थांबा, मधूनच धरलं मी. धड सांगते.

एक होती कंचना, दर्यापल्याड बापाच्या शेवयांच्या गाड्यामागं भिंतीवर फूल मारीत वाढलेली. फूल म्हणजे ते पखाचं, शटल म्हणतेत त्याला. एक होती बानू, माझी नात, पाथरीच्या रस्त्याला आमची धनगराची वस्ती हाय तिथं मेंढरामागं वाढलेली. एक होता बानूचा बाप, माझा लेक रायभान, त्याला दोनच कामं नीट यायची, मेंढरं राखणं अन् मान डोलावणं. अन् एक होती मी, धुरपता, त्या दोन पोरींच्या मधी उभी, हातात जाळी धरून! आता हसा. पर ह्ये पेपरात हाय का? न्हाई.

बानूला नाद लावला तो ह्याच नागनाथ मास्तरनं. पाथरीच्या शाळेत कवायतीचा मास्तर, ऱ्हायला आमच्या गावात. बोलायला लागला की कंचनाच! पाकिटात स्वतःच्या बायकोचा फोटू न्हाई, कंचनाचा फोटू! "मावशी, बारा वर्साची असताना थोरल्या बायांला हारिवलं तिनं. मावशी, सतराव्या साली देशात पहिली. मावशी, जमिनीवर चवन्नी ठिवा, ती फूल चवन्नीवर टाकती." मी म्हणायची, "मास्तर, चवन्नी असली तर ती मी उचलून घेईन, फूल कामून टाकू?" पर बानू ऐकायची, बाई, भाकर हातात तशीच धरून ऐकायची.

बरं, खेळायचं कुठं? आमच्या गावात वरून छत असलेल्या जागा दोनच, मारुतीचं देऊळ अन् रेशनचं दुकान. मग काय, माझं खळं! राखेनं रेघा आखल्या. जाळी कशाची, तर मेंढरं कोंडायची वाघूर, ते जाळं नव्हं का आपलं, तेच. एका बाजूला बाभळीचा खांब, दुसऱ्या बाजूला जो रिकामा असंल तो. फुलं महाग, म्हणून मी बाभळीच्या डिंकानं कोंबड्याची पखं डकवून द्यायची... आमच्या तुरेवाल्या कोंबड्यानं त्या साली बिनशेपटीचीच बांग दिली, लाजून हळू द्यायचा बिचारा!

अन् मास्तरचं रोजचं रडगाणं, "मावशी, वाऱ्यात बॅडमिंटन खेळत न्हाईत, फूल उडतं." आता खळ्यावर वारं नसंल तर उपणायचं कसं? पाटी वर धरायची, ज्वारी सोडायची, दाणे पायाशी, भुसकट लांब. वाऱ्यासाठीच तर खळं आसतं! बानू पाच वर्साची होती तवापासून माझ्यासंगं उपणायली. वारं गालाला कुठून लागायलंय ते बघायचं, हात तसा वळवायचा, अन् भुसकटाच्या मागं पळायचं न्हाई. जे जायचं ते जाऊ द्यायचं. मास्तरनं तिला मारायला शिकिवलं, पर न मारायला कुणी शिकिवलं? ह्ये पेपरात न्हाई.

तर त्या साली फाल्गुनात ज्वारी खळ्यावर आलेली, अन् जिंतूरचे माणिकराव आपल्या पोरासाठी बानूची सुपारी फोडायला आलेले. मेंढरं इकून कापडाचं दुकान टाकलेला माणूस, दर वाक्याला "मी म्हणतो". बसतानी म्हणले, "मी म्हणतो, पोरगी कामाची हाय. फकत ती ब्याट तेवढी आमच्या घरात नको. मी म्हणतो, सून फूल मारीत फिरली तर गिऱ्हाईक काय म्हणंल?" रायभाननं मान डोलावली. पोरीला औरंगाबादला खेळायला जायचं होतं, बारावी झाली की. ती बापाला म्हणली, "दादा, एक साल." रायभान मान खाली घालून म्हणला, "बानू, चांगली माणसं हायत." मी म्हणलं, "रायभान्या, तिला इचारलं का?" तर म्हणतो, "माय, तू गप." मी गप बसले. गप बसले म्हणजे हळू आवाजात शिव्या दिल्या.

आता बघा तमाशा. त्या सालांत विद्यापीठाच्या नामांतराच्या पायी आज ह्यांचा मोर्चा, उद्या त्यांचा बंद. त्या दिवशी पाथरीच्या अलीकडं रस्ता अडिवलेला, अन् गाड्यांची रांग थेट आमच्या वस्तीपोतर. टरका, एसटी, अन् त्यात एक पिवळी लांबलचक मोटार. मोटारीतून उतरल्या सात-आठ पोरी, गोऱ्या न्हाईत, काळ्या न्हाईत, डोळे बारीक, केस कापलेले, अन् संगं औरंगाबादच्या कॉलेजातले भगवानराव म्हणून खेळाचे सायेब, घामानं निथळायले. हैद्राबादेत खेळून अजिंठ्याला निघालेली वरात! अन् मास्तर... मास्तर सायकल सोडून धावला, सायकल पडली मेंढरात, पाकिटातला फोटू काढला, एकदा फोटूकडं बघतो, एकदा पोरीकडं, एकदा फोटूकडं... "मावशी! कंचना!" अन् रडायलाच लागला की! पंचेचाळिशीचा बाप्या!

ती कंचना आली खळ्यावर. हसरी बया. वाघुरीला हात लावून बघितला, राखेच्या रेघेवर पाय ठिवून बघितला, माझं कोंबड्याच्या पखाचं फूल उचललं, वास घेतला अन् खो खो हसली. मग बानूकडं बघून हातानंच इचारलं, खेळती का?

भगवानराव म्हणले, "न्हाई न्हाई, मॅडम, वारं हाय!" पर माणिकरावाच्या अंगात आलं. चारचौघं जमलेले ना! "मी म्हणतो, खेळू द्या. जगात नाव असलेली बाई हाय. रायभानराव, तुमच्या पोरीनं हिच्याकडून एक डाव, एकच डाव काढला तर मी म्हणतो, ही सुपारी तशीच खिशात घालून जातो. न्हाई काढला तर ब्याट आत्ता चुलीत, अन् अखाजीच्या मुहूर्ताला लग्न. हाय शर्त?" रायभाननं मान डोलावली. त्याला दुसरं येतं काय! बानूनं पदर, आपलं, ओढणी कंबरेला खोचली अन् म्हणली, "हाय."

मास्तर झाला पंच, म्हणून दुसरा खांब कोण? मी! वाघुरीचं टोक धरून उभी. माणिकराव वरून म्हणतेत, "धुरपताबाई, खांबानं बोलायचं न्हाई." खांब म्हणले मला! ह्ये पेपरात आलं पायजे होतं का न्हाई?

डाव अकराचा. कंचनानं पहिले सहा गुण असे घेतले जशी मी शेंगा सोलते. बोलणं न्हाई, चालणं न्हाई, टाक की टाक, जिथं बानू न्हाई तिथं फूल. चवन्नीची गोष्ट खरी निघाली, बाई! माणिकराव बाजेवर मागं टेकले. रायभान जमिनीकडं बघायला. बानू माझ्याकडं बघायली अन् मी खांब!

मग दुपार कलली अन् मावळतीकडून वारं सुटलं. रोज सुटतं, त्याच टायमाला सुटतं, कुणाचं पावणं थोडंच हाय ते! कंचनानं मारलेलं फूल निघालं सरळ अन् वळलं ज्वारीच्या ढिगाकडं. दुसरं वळलं मेंढरांकडं. तिसरं माणिकरावाच्या पागोट्यात! ती थांबली, आभाळाकडं बघितलं. तिकडं बानू गाल वाऱ्याला लावून उभी, जशी पाटी धरून ऱ्हाती तशी, अन् फूल असं सोडायली, असं... मारीतच न्हाई, सोडायली, अन् वारं नेऊन टाकायलं. सहा-चार. सात-सात. रांगेतले डायवर सगळे खळ्यावर, कंडाक्टरसुदिक! मास्तरचा आवाज बसला, बोटानं गुण दाखवायला अन् दर येळी बोटं चुकायली.

पर ती बी काय साधी हाय का? आठव्या गुणाला तिनं वारं वळखलं. फुलाला वाऱ्यावर टेकवून आणायला लागली. आठ-नऊ. नऊ-नऊ. नऊ-दहा, बानूचे दहा. माझे हात भरून आलेले, वाघूर खाली यायली, मी दातात धरली! खरं सांगते, दातात! खांबाला हात नसतेत म्हणून काय झालं!

बानूनं फूल सोडलं. कंचनानं ते उंच मारलं, लय उंच, पार पाठीमागच्या रेघेकडं. मास्तर पंच असून वरडला, "मार, बानू, मार!" रायभान उठून वरडला, "मार, बाई!" अन् बानू... बानू एक पाऊल बाजूला सरकली अन् हात खाली सोडले. फूल वरून येऊ ऱ्हायलं, वाऱ्यावर डुलत, डुलत, अन् पडलं राखेच्या रेघेच्या पल्याड. एक वीत! मी स्वतः मोजली, हीच वीत! रेघेच्या भाईर, म्हणजे डाव बानूचा!

"मी म्हणतो, ह्ये खेळानं न्हाई, वाऱ्यानं झालं," माणिकराव बाजेवरून उठले. मी वाघूर थुंकली तोंडातून अन् म्हणलं, "वारं दोघींला सारखंच होतं, माणिकराव. तुमच्या दुकानातली पट्टी तरी सगळ्यांला तेवढी सारखी हाय का?" डायवर लोक असे हसले! अन् मग काय झालं माहीत हाय? रायभान गेला, सुपारी उचलली, माणिकरावाच्या हातात दिली अन् म्हणला, "पावणं, शर्त तुमचीच." जल्मात पहिल्यांदा मान न डोलावता बोलला माझा लेक! ह्ये पेपरात न्हाई, पर माझ्या काळजात हाय.

आता मास्तर म्हणतो, "मावशी, खरं सांगा, पुढचं बी सांगा." सांगते की, मी काय भेते? पुढचा डाव कंचनानं अकरा-एकनं काढला, त्याच वाऱ्यात. पाव घंट्यात शिकली बया, मी सात साल घेतले होते! मास्तर म्हणतो, एक-एक झालं, तिसऱ्या डावाला रस्ता सुटला, भोंगे वाजायले, म्हणून कंचनाची हार म्हणता येत न्हाई. मी म्हणलं, "मास्तर, तुमी तिचे का आमचे?" तर पुन्हा पाकिटावर हात!

जाताना कंचनाला भाकर अन् ठेचा दिला. म्हणलं, आता बघू कशी नाचती! तर बाईनं ठेचा असा खाल्ला जसा गूळ, बोटं चाटली अन् पुन्हा मागितला. दोन येळा हारले मी त्या दिवशी, दुसऱ्या डावातबी अन् ठेच्यातबी. भगवानरावांनी सिगारेटच्या पाकिटावर बानूचं नाव लिहून घेतलं, "जूनमधी धाडा हिला, ऱ्हायचं-खायचं कॉलेजाकडं." गेली पोरगी. त्या कंचनाचं काय काय झालं ते मास्तर दर साली वाचून सांगायचा, तिकडं फायनलला हारली, इकडं सोन्याचं पदक, मग गुडघा, मग पुन्हा पदक, अन् मी मनात म्हणायची, खा बाई, ठेचा खा, गुडघे धरणार न्हाईत. आता तिनं खेळ सोडला. अन् बानू? बानू राज्याला खेळली, तिसरी आली, तिथं वारं नव्हतं ना! पर त्या कागदावर तिला नोकरी लागली, पाथरीच्या शाळेत, खेळाची बाई म्हणून. पक्कं घर झालं, नळ आला, रायभान आता चौकात सांगतो, "मीच शिकिवलं तिला." नवरा बी तिनं स्वतः पसंत केला, गुणाचा हाय, च्या करतो.

लोक म्हणतेत, धुरपताबाई, नशीब उघडलं तुमचं. उघडलं की, बाई. पर ह्या वयात, लुगड्याचा काष्टा मारून, शाळेच्या सगळ्या पोरींच्या म्होरं, शिट्टीवर हात वर, हात खाली करायलेय मी... बानूबाईंचा हुकूम हाय, गुडघे धरतेल म्हणून. नशीब उघडलंय खरं, पर रोज सकाळी साडेपाचलाच उघडतं मेलं!