वाफ्याची कड

हार्डवेअरच्या दुकानात माझ्यापुढे रांगेत बहीणभाऊ उभे होते.

"ताई, पत्र्याची पट्टी घेऊ. वाफ्याच्या वळणावर छान बसेल."

"आणि धार? बाबा अनवाणी फिरतात."

"मग प्लॅस्टिकची?"

"दोन उन्हाळ्यांत तडकेल. जाड रबराची घे आणि चल लवकर."

"जरा शांत उभी राहशील?"

"जुन्या विटा आजच उपटायची काय घाई होती रे तुला?"

"हलत होत्या. ठेच लागली असती त्यांना."

"दिसत नाही त्यांना. त्याच विटांना काठी लावत लावत फाटकापर्यंत जातात."

"विटांचं मला कुठे माहीत होतं?... थांब, शेजारच्या काकूंचा फोन. बोला काकू. काय, वाफ्यात उभे आहेत? मग हाताला धरून घरात न्या ना!"

"काय झालं?"

"येत नाहीयेत. म्हणतात, थांबा, कड इथेच कुठेतरी होती."