काकांच्या विमानाची पूजा

मी, संग्राम वामन कुकडे, वय २३, धंदा विमानं धुणं, शिक्षण बारावी अर्धी, राहणार सध्या स्वतःच्या व्हॅनमध्ये, चँडलर, अ‍ॅरिझोना. त्याआधी फ्लॅगस्टाफ, त्याआधी बरंच कुठे कुठे, पण ते नको म्हणतात साहेब. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून मराठीत सांगतो. दुभाषी नीलांबरीताई आहेत.

शहराच्या मालकीच्या छोट्या विमानतळावर खाजगी विमानं उभी असतात, ती मी धुतो. शैलेंद्र काकांचं विमान मी चौदा महिने फुकट धुतलं, कारण ते म्हणाले होते, "एक दिवस तुला शेजारी बसवून वर नेतो." ऑगस्टमध्ये मी आठवण करून दिली. तेव्हा चार पायलटांसमोर ते म्हणाले, "अरे यार, वर जायला डोकं लागतं. तुझ्याकडे फडकं आहे." सगळे हसले. मीही हसलो.

विमानाच्या डाव्या अंगाला टाचणीच्या डोक्याएवढं भोक असतं. त्यातून हवेचा दाब कळतो, त्यावर उंचीचा आणि वेगाचा काटा चालतो. धुताना पाणी जाऊ नये म्हणून त्यावर टेप लावायची, मग काढायची. काकांची तक्रार आहे की दसऱ्याला मी टेप काढायला विसरलो.

दसऱ्याला सकाळी आठला विमान धुतलं. टेप काढली. साडेनऊला काकू पूजेचं ताट घेऊन आल्या. चाकाखाली लिंबं ठेवली. इथली लिंबं केवढी असतात, चाक चढेचना. असो. काकूंनी घट्ट कालवलेल्या कुंकवानं स्वस्तिक काढलं, ते नेमकं त्या भोकावर. उन्हात वाळून खपली धरली. मला पेढा दिला.

उडण्याआधी फेरी मारून ते भोक तपासणं पायलटचं काम. काका फोटो काढत होते. त्यांनी विचारलं, "सगळं बघितलंस ना रे?" मी "हो काका" म्हणालो.

त्यांची मुलगी केया, वय नऊ, जाणार नव्हती. आयत्या वेळी मागच्या सीटवर चढली. "बाय, संग्राम!" म्हणाली. पंखा सुरू झाला होता. हात वर केला असता तर काकांना दिसला असता.

वर काटा वेग कमी दाखवत राहिला, म्हणून काकांनी विमान फार जोरात उतरवलं. धावपट्टी संपली, पुढचं चाक मोडलं. काकांना खरचटलंही नाही. केयाचा हात दोन ठिकाणी मोडला. बंबवाल्यांनी फोम मारला, त्यात कुंकू धुऊन गेलं.

नीलांबरीताई हळूच म्हणाल्या, "विसरलो म्हण ना बाळा, सुटशील." मी काम विसरत नाही. भोक बुजलेलं मला दिसलं होतं आणि मी मुद्दाम बोललो नाही, असंच लिहा. काका फोटो काढत होते, तेही लिहा. आणि हे केयासमोर त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा.

हा मजकूर ताईंनी मला वाचून दाखवला. केयाच्या हाताची ओळ आली तेव्हा थांबा म्हणालो. मग तीच पुन्हा वाचायला लावली. मी बोललो तसंच आहे. काही खोडायचं नाही.