मुखियाचे पाय

दोष सगळा आमच्या मोठ्या मामाचा. जवाहरनगरच्या फॅक्टरीत जन्म गेला, नागपूरपलीकडे पाऊल नाही. तरी मी बोअरवेलच्या गाडीवर कामाला झिम्बाब्वेला निघालो, तेव्हा सल्ला दिलाच, "कॉलेज सोडलं तं सोडलं, संस्कार नोको सोडू. मोठा मानूस दिसला का पाया पड."

तिथल्या एका टेकडीवरचा जुन्या राजांचा दगडी कोट मला पाहायचा होता. परवानगी गावच्या मुखियाची. लोक लांब जमिनीवर बसून, टाळ्या वाजवून त्याला नमस्कार करत होते. मी सरळ जाऊन पाय धरले. मुखिया खुर्चीसकट मागे सरकला. दुभाष्या म्हणाला, "त्यांना कोणी हात लावत नाही."

मामाला फोन केला. "काहून बे, एकाच हातानं धरले का?"

एक बकरा दंड गेला आणि कोट मी खालच्या रस्त्यावरूनच पाहिला.