दुसऱ्या नवऱ्याचा रकाना

तुमच्या पणजीचं नाव काय होतं हो? — नाही ना आठवत? अहो, लाजू नका, सात रस्त्याच्या या दुकानात फॉल-पिकोला दिवसाला वीस बायका येतात, त्यातल्या अठरा जणी अशाच पंख्याकडं बघत बसतात. पणजोबांचं विचारलं की मात्र तोंडपाठ, वर त्यांची मेंढरं किती होती तेही सांगतात. बसा, ते स्टूल ओढा. साडीचा रंग छान आहे, फॉल जुळला तर वीस मिनिटांत देते. — हां, तर तुम्ही विचारत होतात, भिंतीवरचं ते सन्मानपत्र कसलं. 'कुलवेल प्रकल्प, सौ. वैजयंती धोंडीराम, सर्वाधिक नोंदी.' ती मीच. चार हजार तीनशे नोंदी. आणि आज मी त्या प्रकल्पात कोण आहे? कुणी नाही. साधी सभासद. तुम्ही आत्ता फोनवरनं नाव नोंदवलंत तर तुम्ही आणि मी एका पायरीवर.

कुलवेल म्हणजे काय, तर इंटरनेटवरची आमच्या कुळाची वेल. आमची मंडळी मूळची सांगोल्याकडची, मेंढरांमागं फिरणारी, आता कोण पुण्यात, कोण अकलूजला, एक जण तर दुबईत क्रेन चालवतो. सगळ्यांनी आपापल्या घराची नावं भरायची, कोण कुणाचा, कोण कुठं दिली, असं. पगार नाही, मानधन नाही, सगळी हौस. जोतिरामकाकांनी सुरू केलं ते. आमच्या यांचे लांबचे चुलते लागतात, अकलूजला साखर कारखान्याच्या ऑफिसात होते, रिटायर झाले आणि हात शिवशिवायला लागले. त्यांच्या जावयानं, कुमारनं, वेबसाईट बनवून दिली — चांगला माणूस आहे, सासऱ्यापुढं बोलत नाही एवढंच. म्हणजे अ‍ॅडमिन आम्ही तिघं. काका, कुमार आणि मी. मी कशी? तर बायकांची नावं कुणालाच ठाऊक नव्हती म्हणून. पुरुष फोन करायचे, तिकडनं पुरुष उचलायचा, आजीचं नाव विचारलं की म्हणायचा 'आजीच म्हणायचो की आमी.' मग मी लागले फोन करायला. पायाखाली मशीन, कानाला फोन. म्हाताऱ्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, माहितीय ना? फोनवर उखाण्यात सांगायच्या. आधी लाजायच्या, मग उखाणा, मग मागनं सुना हसायच्या. एकीनं तर तीन उखाणे घेतले, तरी त्यातलं नवऱ्याचं नाव कुठलं ते कळेना, शेवटी शेजारणीला विचारून लिहिलं.

तर काम चाललं होतं नीट. बिघडलं कधी? काकांनी घटना लिहिली तेव्हा. हो, घटना. वेबसाईटची. चोपन्न कलमं. शिक्का केला रबराचा, लेटरहेड केलं — अहो, पत्र कुणाला लिहायचं, सगळे तर एका व्हाट्सअ‍ॅप ग्रुपात. अकरा जण काम करणारे, त्यात नऊ जणांना पदं. मुख्य समन्वयक काका, तहहयात. आणि घटना कुठनं आणली असेल? कारखान्याचीच उतरवून काढली, 'संस्था' आहे तिथं 'वेल' लिहिलं. पण एका जागी राहिलंच की. कलम एकोणतीस — गाळप हंगाम चालू असताना सर्वसाधारण सभा बोलावू नये. मी म्हटलं, काका, आपण काय गाळतो? तर म्हणाले, 'आसू दे, अडचणीला उपयोगी पडतं.' आणि पडलं बघा, मी नोव्हेंबरात सभा मागितली तर मार्चपर्यंत घेतली नाही. हंगाम चालू आहे म्हणे.

मी सभा का मागितली? तत्त्वाचा प्रश्न होता. माझं वैयक्तिक काही नव्हतं त्यात. — टाचणी द्या जरा ती, तुमच्या पायाशी पडलीय. — तर त्या वेबसाईटवर पुरुषाचं पान उघडलं की पत्नी एक, पत्नी दोन, पत्नी तीन असे रकाने. तीन. आणि बाईच्या पानावर पती, बस. एकच. आता आमच्यात पूर्वीपासनं बाईचा दुसरा संसार होतोय. नवरा गेला, कोवळी बाई, मग पाट लावून देतात. थाटाचं लग्न नसतं, पण संसार खराच असतो. मग त्या बायकांचं काय करायचं? मी म्हटलं, कुमार, एक रकाना वाढव. कुमार म्हणाला, दोन मिनिटांचं काम आहे वैजयंतीताई, पण मामांना विचारा. मामा म्हणजे सासरे. मामा म्हणाले, कलम बारा — एक बाई, एक पती. मी म्हटलं, आणि एक बाप्या, तीन बायका? तर म्हणाले, 'त्ये कारखान्यात पण तसंच हुतं.' आता कारखान्यात कसल्या तीन बायका, सांगा तुम्ही. सभासदाच्या वारसाचा फॉर्म होता तो.

मग मी काय केलं — करायला नको होतं, पण केलं. मी अ‍ॅडमिन ना? मी एका बाईची दोन पानं केली. एक पहिल्या नवऱ्याबरोबर, एक दुसऱ्या. काकांनी 'दुबार नोंद' म्हणून एक उडवलं. मी परत केलं. त्यांनी परत उडवलं. चौदा वेळा. वेबसाईटवर सगळा इतिहास दिसतो, वेळेसकट. मी दुकान उघडलं की भरायची, ते दुपारचं जेवून उठले की काढायचे. आमचे हे म्हणायचे, अगं, एवढं नेमानं तर माझी आई औषध घेत नाही.

कुठली बाई? — आहे एक. कशाला नाव पाहिजे. — बरं, सांगते, तुम्ही काय आमच्यातल्या नाही. मीच ती.

पहिले माझे बिरप्पा. जतकडचे. ट्रक होता त्यांचा. पायल चार वर्षांची असताना गेले, विजापूरच्या रस्त्याला. मी तेवीस वर्षांची. दीड वर्षानं धोंडीरामांशी पाट लागला. हे माणूस म्हणून लाखात एक, पण तेव्हा यांच्या घरचे म्हणाले, बाई येऊ दे, पोर नको. तशीच रीत होती. पायल माझ्या आईकडं राहिली सांगोल्याला. सहा वर्षं. मी सणाला जायची, फ्रॉक शिवून न्यायची — मापं आईला फोनवर विचारून. एकदा नेलेला फ्रॉक आखूड झाला, तेव्हा — जाऊ दे. नंतर आणली इकडं. यांनीच आणली, आपणहून, एस.टी. स्टँडवरनं घरापर्यंत सायकलवर मागं बसवून. आता हैदराबादला आहे ती, बँकेत. तिनं गेल्या दिवाळीत कुलवेल उघडली, हौसेनं स्वतःचं नाव घातलं. तर पडद्यावर काय आलं — 'या व्यक्तीचा कुणाशीही संबंध नाही.' लाल अक्षरात. तो प्रोग्रॅमच तसा आहे हो, आईबापाची जोडी नसली की पोर लटकतं. ती हसली. आई, बघ म्हणाली, मी आभाळातनं पडले. हसून सोडलं तिनं. मी नाही सोडलं.

काकांनी तोड काढली होती तशी. खोटं कशाला बोलू. म्हणाले, 'वैजयंती, पोरगीला धोंडीरामची म्हणून लाव की. मिटलं. कुणाला काय कळतंय?' मी म्हटलं, काका, तिला बाप होता. खांद्यावर बसवून टायरला हवा भरायला न्यायचा तो तिला. चार वर्षांचा का असेना, बाप होता. लावायची तर त्याच्या नावासकट लावायची. तर म्हणाले, 'मग त्ये रक्त आपल्या कुळाचं न्हाय. वेल कुळाची हाय, धर्मशाळा न्हाय.' असं बोलले. ग्रुपात बोलले, सगळ्यांसमोर, आणि खाली सात अंगठे आले.

मग हंगाम संपला आणि सभा लागली. माझ्या मागणीची नाही, माझ्यावरची. शिस्तभंग, कलम एक्केचाळीस, अ‍ॅडमिनपद काढून घेणे. इथंच, पलीकडच्या हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये. सतरा जण आले. आणि त्याच्या पंधरा दिवस आधी माझ्याकडं एक गोष्ट आली होती. — ऐका, पण हे बाहेर बोलू नका.

आमच्याकडं हेळवी येतात. कर्नाटकातनं. पूर्वी बैलावर बसून यायचे, आता मोटारसायकलवर. घरोघरच्या पिढ्या त्यांच्या चोपडीत असतात, दारात बसून वाचून दाखवतात. आमचा सिद्धाराम हेळवी, सत्तरीचा असेल, मी त्याला दुकानात बोलावलं, चहा दिला, फोन रेकॉर्डिंगला लावला. कितीतरी पिढ्या भराभर वाचल्या त्यानं. आणि काकांच्या घरापाशी आला तसा थांबला. म्हणाला, 'बाई, ह्ये तुमचं घर न्हवं. वाचू?' मी म्हटलं, वाच की, वेल तर सगळ्यांची आहे. तर वाचलं. 'सिदूची बायको म्हाळसाबाई. पयला नवरा वारला. सिदूनं पाट लावून आणली. संगं कडंवर दोन वर्साचं पोर. त्या पोराला सिदूनं आपलं नाव दिलं. जोतिराम.' — कळलं? तो जोतिराम म्हणजे काकांचे आजोबा. आजोबांचंच नाव काकांना ठेवलंय. कडेवर आलेलं पोर, दुसऱ्याच्या नावानं लावलेलं. मी सिद्धारामला म्हटलं, खरं आहे हे? तर म्हणाला, 'चोपडीत हाय त्ये हाय. आमी वाचतो. भांडान तुमचं.' आणि दुसरा चहा मागितला.

हसू नका. मीही हसले होते आधी. मग मोजलं. त्या आजोबांखाली वेलीवर दोनशे बारा माणसं आहेत. काकांच्या नेमानं ती सगळी धर्मशाळेतली.

सभेत काका उभे राहिले, तीन पानं वाचली. मी म्हणे कुळाच्या पावित्र्याशी खेळले. पावित्र्य हा शब्द चार वेळा आला. माझ्या हातात फोन होता. एक बटण दाबायचं होतं फक्त. काका दर पानाशेवटी दम घ्यायला थांबायचे हो. बायपास झालाय त्यांचा. आणि मागं त्यांच्या लेकीबाळी बसलेल्या, सगळ्या वेलीवर माझ्याच हातानं भरलेल्या. मी म्हटलं, मला बोलायचं नाही काही. मत घ्या. अकरा विरुद्ध पाच. धोंडीराम तटस्थ. — नाही, रागवायचं काय त्यात, घरीही तटस्थच असतात. म्हणाले, एकीकडं चुलता, एकीकडं बायको, मी वेफर खाल्ले.

मग खाली उतरल्यावर काका कुणाच्यातरी स्कूटरपाशी उभे होते, कुमार गाडी आणायला गेलेला. मी गेले आणि फोन त्यांच्या कानाला लावला. एवढंच केलं. धमकी नव्हती ती. — तुम्हाला तशी वाटते का? मला आधी वाटली नव्हती, आता रोज थोडी थोडी वाटायला लागलीय. एकदा ऐकलं त्यांनी. परत लाव म्हणाले. परत ऐकलं. मग स्कूटरच्या सीटवर हात टेकला. म्हणाले, 'आजून कुणी ऐकलं?' मी म्हटलं, मी आणि सिद्धाराम. म्हणाले, 'आजा माजा मला पाठीवर घिऊन मेंढरांत न्यायचा.' आणि मग, 'जा घरी. ऊन लई हाय.'

पुढं काय? — झाली की तुमची साडी. बघा, टाका कुठं दिसतोय का. पिशवी आणलीय ना? — अकलूज? तुमचं माहेर अकलूजचं? कुठल्या गल्लीत? — अहो, हे आधी सांगायचं ना. तासभर बसलात की माझ्यासमोर. — बरं, आता ऐकलंच आहे तर पोटात ठेवा. मी, सिद्धाराम, काका आणि तुम्ही. माझ्या यांनासुद्धा सांगितलेलं नाही. शटर ओढायचंय मला, जेवायची वेळ झाली.

काय म्हणता? दुसऱ्या दिवशी? काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ठरावाप्रमाणे माझं अ‍ॅडमिनपद काढलेलं होतं, आणि वेलीवर पायल माझ्या नावाखाली लावलेली होती, बापाच्या जागी बिरप्पा.