आपल्या बोर्डाला आपण वीज द्यायची नाही

सून : अहो आई, थांबा, प्लग लावू नका! आधी बघा, मग लावा.

सासू : मी काय बघू? विज्ञानात काठावर पास झालेली बाई मी. तुझ्या त्या मैत्रिणीला बोलव.

सून : ती तापाने फणफणलीये. आणि आमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गाचा नियमच आहे, ज्याने वायरी लावल्या त्याने वीज द्यायची नाही. दुसऱ्याने तपासायचं आणि त्यानेच द्यायची.

सासू : आणि नियम मोडला तर?

सून : मागच्या वेळी मोडला ना घाईघाईत. चिप जळाली. आता ही शेवटची. हीसुद्धा गेली, तर दुपारी परीक्षकांना काय दाखवू? नोकरी यावरच ठरणार आहे.

सासू : बरं, चष्मा दे. ही भोकाभोकांची पांढरी पाटी. पुढे?

सून : पाटी नाही हो, बोर्ड. लाल वायर लाल रेघेजवळच्या भोकांत, काळी निळ्या रेघेजवळच्या. वरच्या कडेला आणि खालच्याही. एवढंच बघा.

सासू : मग कानाशी भुणभुण नको. (बोट फिरवत) वर लालला लाल, निळ्याला काळी. शाब्बास. खाली... अगं, इथे लाल वायर निळ्या रेघेत घुसलीये.

सून : शक्यच नाही. कडेची ओळ लालच असते.

सासू : वर असेल. खाली कडेला निळी आहे, लाल आतल्या बाजूला. ये, तूच बघ.

सून : अगं बाई! वरच्या कडेवरून सरळ खालच्या कडेला नेल्या मी. चिपला उलटी वीज गेली असती, आई!

सासू : गेली नाही ना? मग डोळे पूस, बदल वायरी.

सून : बदलल्या.

सासू : सरक. पुन्हा पहिल्यापासून बघते. लाल, लाल. काळी, काळी. हं. लावू?

सून : लावा.

सासू : डोळे काय मिटतेस? उघड. हिरवा दिवा लागलाय. आणि हा एवढासा पंखा बघ, कसा भिरभिरतोय!

सून : आई, चालला!

सासू : न चालायला काय झालं? माझ्या सुनेने केलाय.

सून : सर विचारतील, तपासलं कोणी? 'सासूबाईंनी' असं सांगितलं तर हसतील.

सासू : हसू देत. विचार त्यांना, तुमच्या सासूबाई तपासतात का बोर्ड?

सून : पण तिथे पुन्हा प्लग लावायचाय. आणि मी तर लावू शकत नाही.

सासू : म्हणजे, मी यायचं?

सून : याल?

सासू : थांब जरा. केस नीट करून येते.