नव्या चुलीचं खापर

...आणि वर म्हणे, पेटवून बघायची नाही. आता तुम्हीच सांगा, चूल बांधायची, तिला लागूनच पाव-बट्ट्या भाजायला घुमटाची भट्टी बांधायची, दोघींचा धूर एकाच धुराड्यातून काढायचा, आणि पेटवून बघायची नाही? मी जळगावला इंटिरियरचा कोर्स केलाय हो, ज्योतिषाचा नाही. पण बेबाआत्या, म्हणजे पप्पांची थोरली बहीण, शिरपूरला असते, तिच्याच परसातली ही चूल, ती कमरेवर हात ठेवून म्हणते कशी, "नवा चुल्हाले पहिला इस्तो आखाजीलेच, पोरी. त्याना आधी काडीबी लावानी नही."

म्हणजे पहिला विस्तव आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, ज्या दिवशी धुळ्याहून तिच्या लेकीच्या, सुनिताच्या, सासरची माणसं पहिल्यांदा जेवायला येणार, त्यांच्यासमोर. मांडे खायला. तुमच्यात कोणी पुण्याबिण्याकडचं असेल तर सांगते, खापर म्हणजे चुलीवर पालथं घालायचं मातीचं भांडं, त्याच्या पाठीवर हा एवढा पुरणाचा मांडा भाजतात. आत्याचं खापर तिच्या सासूच्या वेळचं, चुलीचं तोंड मी त्याच्याच मापाचं काढलेलं, दुसरं बसायचंच नाही. त्यात पप्पांनी सांगून ठेवलेलं, "चूल पेटली तर जळगावात ऑफिस काढ. नाही पेटली तर गुमान बँकेच्या परीक्षेला बस." म्हणजे काहीही झालं तरी खापर माझ्यावरच फुटणार.

बरं, भीती काय उगाच होती? भट्टीची माती आतून ओली. अशी भट्टी आधी रोज थोडी थोडी तापवून वाळवायची असते, एकदम जाळ घातला की आतल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफेला वाट मिळाली नाही तर... मी ते नासीरमिस्त्रींना विचारलं, तर ते थापी पुसत म्हणाले, "ताई, ईंट मेरी, नक्शा आपका. फटी तो नक्शा फटा समझो." झालं. तेव्हापासून शेजारच्या कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकून उभी. आत्या म्हणते, "तू भलती घाबरस व माय. बठ्ठं बराबर व्हई जाई." तिचं काय जातंय, खापर माझ्यावर फुटणार ना?

आखाजी उजाडली. व्याही मंडळी खुर्च्यांवर बसली, विहीणबाई चष्मा लावून धुराड्याकडे बघतायत, म्हणाल्या, "आमच्याकडे आपली साधीच चूल असते हो." आत्यानं चुलीला हळदकुंकू वाहिलं, काडी ओढून चूल-भट्टी दोन्ही पेटवल्या, मी श्वास धरला... आणि तुम्हाला सांगते, धूर सरळ वर. एक तडा नाही. भट्टीला वाफेची भोकं मी ठेवलीच होती, त्यातून वाफ अशी सुस्कारे टाकत गेली जणू तिलाही माझ्याइतकंच सुटल्यासारखं झालं. आत्याचे डोळे भरले. तिनं ते खापर उचललं, माझ्या हातात दिलं, म्हणाली, "तूच ठेव, तुन्या हातवरी."

मी दोन्ही हातांनी धरलं. वाकले. चुलीच्या तोंडावर टेकवणार, एवढ्यात माझ्या मागे, अगदी कानाशी, फट्ट!

भट्टी फुटली. मला दुसरं काय वाटणार? मी किंचाळले, उडी मारली, दोन्ही हात वर.

भट्टी जागच्या जागी. मागे पप्पा उभे. हातात फोडलेला नारळ, तोंडावर मी जन्मात न बघितलेलं कौतुक. लेकीची चूल पेटली म्हणून गुपचूप नारळ आणला होता त्यांनी, मला आश्चर्याचा धक्का देणार होते.

आणि पायाशी खापराचे तुकडे.

शेवटी आत्यानंच पुरण कणकेत भरून त्याचे गोळे भट्टीत ढकलले. विहीणबाईंनी दोन खाल्ले, तिसरा मागितला आणि म्हणाल्या, "मांडे पुढच्या आखाजीला." गल्लीतल्या दोघीजणी तर तिथेच माझ्या मागे लागल्या, आम्हाला अशीच चूल काढून दे. आत्या त्यांना म्हणते, "नकाशा तिन्हाच घ्या. फक्त पहिला इस्तोले तिले बसस्टँडवर बसाडी या."

पप्पा म्हणाले, ऑफिस काढ. उद्घाटनाला नारळ नको, पेढे ठेवू.

आता एवढं सगळं मनासारखं झाल्यावर मी चिडायचं कोणावर? नारळ पप्पांचा, हात माझे, रीत आत्याची. कोणावर तरी खापर फोडावं म्हटलं, तर फोडायला खापर उरलंय कुठे.