सुमनने शिवलेली कव्हरं

माझी बायको सुमन गेली त्या दिवशी मी कॉलेजच्या लॅबमध्ये एका मशीनवर सिस्टीम लोड करत होतो. दवाखान्यातून फोन आला. पडद्यावर टक्के सरकत होते. मी उठलो, बाहेर येऊन चपला घातल्या आणि गेलो.

तेरावं उरकून कामावर आलो तर ते मशीन कुणीतरी बंद करून ठेवलेलं होतं. चालू केलं, तर त्यानं विचारलं, मागचं काम अर्धवट राहिलं आहे, पुढे सुरू करायचं का. काय सांगू तुम्हाला मॅडम, मी त्या प्रश्नाकडे नुसता बघत बसलो. रोज असे शंभर प्रश्न विचारतं ते, आपण न वाचता बटण दाबतो. त्या दिवशी हात उचलेना.

तसे आम्ही मखमलाबादचे. घरची फुलशेती, झेंडू आणि शेवंती. वडील पहाटे फुलबाजारात जायचे, मी पाट्या उचलू लागायचो, पण लक्ष सगळं त्यांच्या रेडिओत. तो एकदा उघडला आणि परत जोडला, तेव्हा वडील म्हणाले, हा काय मातीत राहत नाही. आयटीआय केलं, टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात बसलो, आणि नव्वद सालानंतर कॉलेजात कॉम्प्युटर यायला लागले तेव्हा हाताखाली माणूस पाहिजे म्हणून लागलो तो लागलोच.

तुम्ही या कॉलेजात नंतर आलात मॅडम, तेव्हाची लॅब तुम्ही बघितली नसेल. काळा पडदा आणि हिरवी अक्षरं, एवढंच असायचं, पण खोलीला एसी, खाली गालिचा आणि दाराबाहेर चपलांचा ढीग, देवळाबाहेर असतो तसा. प्राचार्यसुद्धा मोज्यांवर आत यायचे. खंडेनवमीला मशीनला हार घालायचो, हळदीकुंकू वाहायचो, मग ते कुंकू कीबोर्डच्या फटीत जायचं आणि मी आठवडाभर ब्रशनं काढत बसायचो. आणि संध्याकाळी प्रत्येक मशीनवर कव्हर. धूळ म्हणजे शत्रू, असंच आम्हाला शिकवलेलं.

कंपनीची प्लॅस्टिकची कव्हरं वर्षात फाटली. आमचे विभागप्रमुख म्हणाले, शिवून घ्या कुठूनतरी. मी म्हटलं, घरी शिलाई मशीन आहे. सुमन गळ्यात टेप अडकवून लॅबमध्ये आली, चपला बाहेर काढल्या आणि लहान मुलाचं माप घ्यावं तसं एकेका मॉनिटरचं, खालच्या सीपीयूच्या डब्यासकट, माप घेतलं, दोन बोटं ढिलं ठेवून. मी म्हटलं, अगं हे वाढत नाही. ती म्हणाली, बघू. मेन रोडवरून निळं कापड आणलं, पांढरी गोट लावली, आणि कव्हरांची अदलाबदल होऊ नये म्हणून आतल्या बाजूला साखळी टाक्यात मशीनचा नंबर घातला. पुढं नवे मॉनिटर आले ते मोठे निघाले. कव्हरं बसली, जरा ताणून बसली. मग घरी जेवताना रोज ऐकावं लागलं, दोन बोटं कुणी ठेवली होती, आणि कोण म्हणत होतं वाढत नाही.

तिला झाकायचा नादच होता. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, फोनला झालर, रिमोटला पिशवी. मला मोबाइल मिळाला तर संध्याकाळपर्यंत त्याला निळ्या कापडाचं पाकीट, वर बटण. स्टाफरूममध्ये सगळे हसले आणि मग एकेक जण हळूच येऊन म्हणाला, वहिनींना सांगा ना, माझ्यापण फोनला. ती म्हणायची, तुम्ही उघडत बसा, मी झाकत बसते, दोघांचाही पगार तोच.

लोकांना वाटतं, हा कॉम्प्युटरवाला, याला नव्या वस्तूंची हौस असणार. कोण पेन ड्राइव्ह दाखवायला आणायचं, कोण डिजिटल कॅमेरा, कोणता मोबाइल घेऊ म्हणून लग्नात पंगतीत बसल्याबसल्या विचारायचे. मी सांगायचो सगळं. पण खरं विचाराल तर प्रत्येक वेळी मला जुन्याचंच वाईट वाटायचं. अख्ख्या कपाटभर फ्लॉपी त्या बोटाएवढ्या पेन ड्राइव्हमध्ये मावल्या आणि वर जागा उरली, तेव्हा मी रिकामं कपाट उघडून उभा राहिलो होतो. नवं येतं ते ठीक, येणारच, पण काल ज्याला हात धुऊन शिवायचो ते आज पायानं बाजूला सारायचं, हे मला कधी जमलं नाही.

सुमन गेल्यावर मी संध्याकाळी लॅबमध्ये थांबायला लागलो. आमचे शिपाई किसनमामा, दिंडोरीकडचे, ते एकेक कव्हर झटकून घालायचे, कोपरे खाली ओढायचे. मी दारात उभा राहून बघायचो. कुणाला काही सांगितलं नव्हतं. घरी तिच्या साड्या बहिणींनी वाटून घेतल्या होत्या, शिलाई मशीन भाचीला दिलं, घरातली कव्हरं आणि झालरी जुन्या वस्तूंबरोबर कधीच गेल्या होत्या. तिच्या हातचं असं रोज हलताना दिसणारं तेवढंच होतं.

मग सॉफ्टवेअरचं नवंच सुरू झालं. ते आपोआप सुधारतं म्हणे, रात्री इंटरनेटवरून खाली उतरतं, म्हणून मशीन रात्रभर चालू ठेवायची. आतापर्यंत संध्याकाळ म्हणजे बंद, हाच नियम. विभागप्रमुखांनी सांगितलं, मी किसनमामांना सांगितलं, मामा, आजपासून बटण बंद करू नका. ते म्हणाले, बरं.

सकाळी दार उघडलं तर वास. तापलेल्या रबराचा असतो तसा. एसी बंद, खोली भट्टीसारखी, आणि ओळीनं सगळी मशीन निळ्या कव्हरांत गच्च झाकलेली, आतून घरघरत होती. काही तर घरघरतही नव्हती. मी हात लावला आणि मागं घेतला. किसनमामा मागून आले, त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, साहेब, चालू ठेवा म्हणलं तुमी, उघडी ठेवा नाय म्हणलं. यात त्यांचं काय चुकलं, सांगा मला. संध्याकाळी झाकायचं, हे इतक्या वर्षांचं हाताला बसलेलं.

मला धक्का बसला तो मशीन गेल्याचा नाही हो. जिनं धूळ बसू नये म्हणून, दोन बोटं ढिलं माप घेऊन कव्हरं शिवली, तिच्याच कापडात ती मशीन गुदमरली होती. विभागप्रमुख ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, ही कव्हरं काढून टाका, तसेही आता सपाट मॉनिटर येणार, त्यांना लागत नाहीत. त्यांना कसं सांगणार, साहेब, ही कव्हरं नाहीत. मी हो म्हटलं. घड्या घातल्या, कपाटात ठेवली, म्हटलं सवडीनं घरी नेऊ.

घोटीला भाचीचं लग्न होतं, म्हणून रजा घेतली. परत आलो तर लॅब ओळखू येईना. सपाट मॉनिटर, टेबलं रिकामी रिकामी, एका बाकावरून दुसऱ्यावरच्या पोराचं तोंड दिसतंय. आणि कपाट उघडं. किसनमामा म्हणाले, भंगारवाल्याचा टेम्पो आला व्हता, जुन्या मॉनिटरच्या काचा फुटू नये म्हणून मधी मधी कव्हरं लावली, लय कामाला आली.

मी तसाच सातपूरला भंगारवाल्याकडे गेलो. तांब्यासाठी मॉनिटर फोडून झाले होते. कव्हरं म्हटल्यावर त्यानं पोत्याकडे बोट दाखवलं. चिंध्या होत्या, गॅरेजवाले हात पुसायला नेतात म्हणाला. एका चिंधीवर साखळी टाक्यातला आकडा अर्धा दिसत होता. ती मी तशीच पोत्यात राहू दिली आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी किसनमामांना सगळं सांगितलं. ती कव्हरं सुमनने शिवलेली, हे ते विसरूनच गेले होते. म्हणाले, साहेब, एक कव्हर हाय, बंद पडलेल्या मशीनचं. मागंच नेलं व्हतं मी भावाकडं, तुमाला इचारलं नाय.

रविवारी त्यांच्याबरोबर दिंडोरीला गेलो. भावाची द्राक्षबाग, कडेला पत्र्याची शेड, आत फवारणीचा पंप, आणि त्यावर ते. औषधाच्या डागांनी निळं कापड जागोजागी हिरवट झालेलं, पण गोट शाबूत. उलटून बघितलं, नंबर होता. भाऊ म्हणाला, घेऊन जा दादा, धुऊन देतो. मी कव्हर काढून हातात धरलं. घरी याला कुठे घालणार, हेच मनात येत होतं. आमच्या घरी आता झाकावं असं काही राहिलं नाही, टीव्हीसुद्धा भिंतीला चिकटला. त्यांच्या पंपाला मात्र ते बरोबर बसत होतं, दोन बोटं ढिलं.

मी ते परत घातलं आणि कोपरे खाली ओढले.

त्यांचं बरं होवो, बागेला चांगलं पीक येवो. आता सुमनच्या हातचं एक कव्हर आहे. ते दिंडोरीला पंपावर आहे. फवारणी झाली, पंप निवला की भाऊ ते घालतो.